इटारसीचा दिवा

सक्करदरा, नागपूर
१२ जुलै २०२५

गोपिके,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसतंय, दिसू दे. तीन वर्षं जिनं साधी चौकशी केली नाही तिला एवढं पुरे.

तुझा अनिश परवा माझ्याकडे येऊन गेला. दार उघडलं तर क्षणभर शरच्चंद्रभाऊजीच उभे आहेत असं वाटलं. तसंच पुढून विरळ झालेलं डोकं, चप्पल काढताना तसाच भिंतीला टेकवलेला हात. भाऊजी जाऊन चार वर्षं होत आली आणि मी दारात उभी राहून त्यांच्या मुलाकडे खुळ्यासारखी बघत होते. त्याला आधी संत्रा बर्फी दिली आणि मग आत घेतलं.

हैदराबादला तो ज्या कंपनीत आहे ती पैसेवाल्या लोकांना सांगते म्हणे, की पुढच्या दहा वर्षांत कोणतं शहर वाढणार, कुठे जागा घ्यावी, कुठे राहायला जावं. त्याच कामासाठी तो नागपूर बघायला आला होता. मी म्हटलं, "अरे, हे काम तुझी आई आणि मी डबा खाता खाता करायचो. आम्हाला त्याचा कोणी पगार दिला नाही." तो हसला आणि मग गंभीर झाला. म्हणाला, "मावशी, आई इटारसीत एकटी आहे. हैदराबादच्या बाहेर वयस्क लोकांसाठी एक सोसायटी झाली आहे, खाली डॉक्टर, वर लिफ्ट, जेवण हवं तर खोलीत. मी फ्लॅट पाहून ठेवला. दिवाळीपर्यंत कळवायचं आहे आणि आई काही बोलूनच नाही राहिली. हो म्हणत नाही, ना म्हणत नाही. तुमचं ऐकेल ती. एक चिठ्ठी टाका न."

मी कबूल केलं. तर ही ती चिठ्ठी. हैदराबादला जा. मुलगा हाताशी असेल. गुडघे दुखतात असं तो म्हणाला, तर लिफ्ट चांगलीच. शहरही वाढतंय, अजून वाढणार आहे. हवा बरी आहे. झालं, कबूल केलेलं काम केलं.

आता माझं. अनिशनं विचारलं, "तुम्ही दोघी कसं ओळखायच्या, कोणतं शहर वाढणार?" त्याला ट्रंक एक्स्चेंज म्हणजे काय हेच सांगण्यात अर्धा तास गेला. तो समजत होता की पूर्वीही फोन उचलला की लागायचा. मी त्याला सांगितलं, की बाबा, परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवावा लागे, आणि मग आम्ही पोरी बोर्डासमोर बसून, डोक्याला हेडसेट लावून, दोऱ्या या भोकातून त्या भोकात खुपसत गावाला गाव जोडायचो; ज्या गावची लाईन चालू, त्याचा दिवा बोर्डावर जळायचा. कोणत्या गावचे कॉल तासन् तास तुंबतात ते आम्हाला आधी कळायचं, पेपरवाल्यांना मागाहून. सुरतेचं नाव आपण किती आधी घेतलं होतं, आठवतं? गणपतराव सुपरवायझर म्हणाले होते, "कापडाच्या दुकानात नोकरी करा दोघी."

आणि मग साहजिकच इटारसीची गोष्ट निघाली. तुझ्या पोराला ती ठाऊकच नव्हती. मी काही हातचं राखलं नाही. तुला एकाच महिन्यात दोन स्थळं आली होती. एक पुण्याचं, बँकेतलं. एक इटारसीचं, रेल्वेतलं. तू नोकरीत नवीकोरी, मी तुझ्यापेक्षा एका पावसाळ्यानं जुनी. तुझ्या बोर्डावर इटारसीचा दिवा सकाळी लागायचा तो विझायचाच नाही. आणि पुण्याचे कॉल आपल्याकडून मुंबईमार्गे जायचे, म्हणून बोर्डावर पुण्याला दिवाच नव्हता. तू मला जिन्यात गाठून म्हणालीस, "यमे, ज्या गावाले दिवाच नाही तिथं जाऊन काय करू वं? इटारसी पाह्य. उद्याची मुंबई हाय ते." मला पटलं. मीही मान डोलावली. साखरपुड्याचे पेढे वाटलेस तेव्हा गणपतरावांनी पेढा तोंडात धरूनच सांगितलं, की अगं पोरी, ते कॉल इटारसीचे नाहीत, इटारसीवरून भोपाळला आणि दिल्लीला पुढे जातात. तू एवढी हसलीस की तुझ्या हातातला डबा पडला.

अनिश म्हणाला, "म्हणजे माझा जन्म चुकीच्या डेटावर झाला." मला हा शब्द आवडला.

तुझा शेवटचा फोन आला होता तो भाऊजींच्या वर्षश्राद्धानंतर. आपण पावसापाण्याचं बोललो. त्यानंतर तू फोन केला नाहीस. तुझं काय बिनसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायला माझं काही अडलेलं नाही.

तुझी,
यमू


सक्करदरा
३ ऑगस्ट

गोपिके,

उत्तर नाही. पोस्टावर खापर फोडायची सोय नाही, कारण आमचा पोस्टमन माणूस चोख आहे.

अनिशनं मला त्याच्या लॅपटॉपवर शहरांचं गुणपत्रक दाखवलं होतं, ते गेल्या वेळी लिहायचं राहिलं. पाण्याला इतके गुण, विमानतळाला इतके, दवाखान्यांना इतके. नागपूर वरच्या मंडळींत बसलंय. माझा ऊर भरून आला. पण उन्हाळ्याच्या रकान्यात त्यानं आपल्याला जवळजवळ नापास केलंय. मी म्हटलं, "हे कोणी तपासलं? वाळ्याच्या पडद्याचे गुण कुठे आहेत? दुपारी पन्हं पिऊन फरशीवर ओला पंचा टाकून झोपण्याचे गुण कुठे आहेत?" तो म्हणाला, "मावशी, याच्यात तो कॉलम नाही." मग तुझा कॉलम अर्धवट आहे, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तुझा मुलगा आहे, वाद घालायला कमी पडला नाही.

आपल्या खेळात मी दरवेळी नागपूरचंच नाव घ्यायचे आणि तू दरवेळी मला वेड्यात काढायचीस. मी म्हणायचे, देशाच्या मध्यात आहे, एकेकाळी राजधानी होती, पुन्हा दिवस येतील. तू म्हणायचीस, "मध्यात असल्यानं काय होते वं? सारे इथून जातेत. उतरत कोनी नाही." तू पारशिवनीहून आलेली, तुला नागपूरही दिपवायला हवं होतं, पण तुझी नजर पहिल्या दिवसापासून लांबच्या गावावर. बाबांनी तुला वरची खोली भाड्यानं दिली तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघून विचारलंस, "काका, गाव इथंच संपते का?" तेव्हा खरंच इथंच संपायचं. तलाव, त्यापलीकडे मोकळी रानं, संध्याकाळी सायकलवरून येणाऱ्या माणसांच्या घंट्या. आपण गच्चीवर बसून कोणता रस्ता कुठे जाईल, कुठे बाजार होईल, कुठे शाळा होईल ते वाटून घ्यायचो. तुझा बाजार आणि माझी शाळा.

आता येऊन बघ. तुझ्या बाजाराच्या जागी खरोखर बाजार आहे. माझ्या शाळेच्या जागी लग्नाचं लॉन आहे आणि तिथे रोज कोणाचं ना कोणाचं तरी लग्न लागतं. उमरेड रोडला रात्रभर दिवे. बेसा, मनीषनगर, जिथे आपण बोरं वेचली तिथे दहा-दहा मजले. शहरात गेलं की मेट्रो माझ्या डोक्यावरून जाते आणि मी तिच्याकडे वर बघते. लोक आता उतरतात गं नागपूरला. मी जिंकले आणि ते सांगायला समोर कोणी नाही, याला काय म्हणायचं?

शेजारी सरिता राहते, तिच्याबद्दल तुला लिहिलं नव्हतं. हिंगण्याला एका कंपनीत आहे, सकाळी कंपनीची बस तिला चौकातून घेते. नवरा बाहेरगावी. फार कामाची आणि फार बोलकी मुलगी. ती मला हल्ली ओरडून बोलते, कारखान्यातल्या यंत्रांमुळे सवय लागली असावी. वरची खोली तिनं तिच्या मैत्रिणीसाठी मागितली होती. मी म्हटलं, जिना अरुंद आहे. त्याआधी एक मास्तर आले होते, त्यांना सांगितलं छत गळतं. छत गळत नाही. खोली मी दर आठवड्याला झाडते, एवढंच.

फोन काहून करत नाही, असं विचारशील. (बघ, तुझा 'काहून' अजून माझ्या तोंडात आहे.) आमच्याकडे लाईन फार खराब आहे. मेट्रोच्या खोदकामात काय तोडलं कोण जाणे. लँडलाइन कधीच काढून टाकली, आता मोबाइलवरही नुसती घरघर, माणूस विहिरीतून बोलल्यासारखं. सरिता म्हणते तिच्या मोबाइलवर नीट ऐकू येतं, पण तिची कंपनी वेगळी. आपण जन्मभर लाईन सांभाळली, मला खराब लाईन कळत नाही का?

हैदराबादचं काय ठरवलंस? मी आग्रह करत नाही, फक्त विचारते.

यमू


सक्करदरा
पोळ्यानंतरचा रविवार

गोपिके,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचे दोन कागद फाडले.

काल मारबतीची मिरवणूक होती. सरिता म्हणाली, "चला नं मावशी, तान्ह्या पोळ्याची सुट्टी हाय मले, महालात जाऊन पाहू." किती वर्षांनी त्या भागात गेले. बडकस चौकापाशी तीच गर्दी, ढोल, गच्चीगच्चीवर माणसं. लाकडी बैल घेऊन नटलेली पोरं आईबापांच्या खांद्यावर. मी सरिताला सांगत होते, की आम्ही इथेच उभ्या राहायचो आणि गोपिका मुठी वळून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायची, "गणपतरावाची नाईट ड्यूटी घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे लोक वळून बघायचे. जगाची रोगराई, दुष्काळ घेऊन जायला आलेल्या त्या पुतळ्याच्या गळ्यात तू आपलं ड्यूटीचं वेळापत्रक अडकवायचीस.

मी रस्त्याच्या कडेला उभी होते. एकदम सरितानं माझा दंड धरून मला मागे ओढलं. पिवळी मारबत माझ्या डाव्या अंगाला येऊन ठेपली होती. एवढी थोरली मारबत, तिच्यापुढे नाचणारी शे-दोनशे पोरं, ढोलताशे, आणि मला पत्ता नाही. मी उजवीकडे बघत उभी.

सरिता तिथेच रस्त्यात मला म्हणाली, "मावशी, तुमाले ऐकू येऊन नाही राहिलं. मले कवाचं समजलं हाय. तुम्ही काहून लपवून राहिल्या जी?"

मी तिला म्हटलं, ढोलांचा गलका आहे. ती म्हणाली, "ढोलच तं ऐकू नाही आला तुमाले."

आज सकाळी तिनं मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. रविवारी उघडा असणारा डॉक्टर तिनं कुठून शोधला देव जाणे. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडसेट लावला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. गोपे, हेडसेट लावल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली. वाटलं आता कोणीतरी म्हणेल, नागपूर, मला भोपाळ द्या. मी वाट बघत राहिले. डॉक्टर काचेपलीकडून माझ्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर कळलं की आवाज बराच वेळ चालू होता. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा निम्मा आहे. डाव्याच कानाला आपण हेडसेट लावायचो. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षांपासून हळूहळू होत आलं असणार.

आणि मी चार-पाच वर्षं लाईनला शिव्या घालत होते.

पण हे पत्र कानासाठी नाही. दुपारी अनिशचा फोन आला, हल्ली तो सरिताच्या मोबाइलवर करतो, मी उचलत नाही म्हणून. त्यानं विचारलं आई माझ्या पत्रांवर काय म्हणाली. सरितानं सांगितलं, उत्तर नाही. मग तो तिला जे म्हणाला ते तिनं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून सांगितलं. म्हणाला, "आई म्हणते, यमूला मी एकदा विचारलं होतं, वरची खोली रिकामी हाय का, मी नागपुरात येऊन राहू का. ती म्हणाली पाऊस बरा आहे, आणि फोन ठेवला. आता तिची पत्रं काय कामाची?"

गोपिके, मी तुझी शप्पथ घेऊन सांगते, मला काही ऐकू आलं नव्हतं. वर्षश्राद्धानंतरचा तो फोन. घरघर होत होती, मधूनच तुझा आवाज यायचा, जायचा. तू काहीतरी विचारतेयस एवढं कळलं. पुन्हा विचार असं म्हणायला माझी जीभ रेटेना. ट्रंकवर आपण गिऱ्हाइकाला म्हणायचो तेच डोक्यात होतं, की आपलं ऐकणं चुकत नाही, लाईन चुकते. म्हणून मी हो हो म्हटलं, पावसाचं बोलले आणि लाईन खराब आहे म्हणून ठेवला. आणि पुढे तीन वर्षं तुझं बिनसलं म्हणून रुसून बसले.

तू नवरा गेल्यावर, कधी कोणाकडे काही न मागणारी तू, मला विचारलंस आणि मी तुला पाऊस सांगितला. मी खूप रडले. सरिता म्हणाली, "रडून काय होते मावशी, लिहा." म्हणून लिहिलं.

खोली रिकामी आहे. तेव्हाही होती.

तुझी यमू


सक्करदरा
१४ सप्टेंबर

प्रिय गोपिका,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनसमोरच वाचलं. मग आत येऊन वाचलं, मग सरिताला वाचून दाखवलं. तू लिहिलंयस ते तुझ्याच अक्षरात पुन्हा पुन्हा बघते, "यमे, कान तुहा गेला अन् तोंड माह्यं बंद राहिलं. दोघी सारख्याच बैताड. हैदराबादची सही नाही केली अजून. खोलीचं काय ते सांग. कागदावर सांग, फोनवर तुह्या नादी लागत नाही मी." इतक्या वर्षांत मला बैताड काय, साधं खुळीसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं. फार बरं वाटलं.

तर खोलीचं. खिडकी तीच, पूर्वेची. बाहेर आता रान दिसत नाही, समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसते, पण डावीकडे वाकून बघितलं तर तलावाचा एक तुकडा अजून हाती लागतो. तुझी लाकडी पलंगडी आहे. भिंतीत तू मारलेला खिळा आहे, ज्याला तू ओढणी अडकवायचीस. जिना खरोखर अरुंद आहे, ते मी मास्तरांना खोटं सांगितलं नव्हतं, म्हणजे सरिताच्या मैत्रिणीला. तुझ्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. म्हणून तू खाली झोप, माझ्या खोलीत, मी वर जाईन. भांडू नकोस, मला जिना चढता येतो, फक्त खालून कोणी हाक मारली तर कळत नाही.

आता उरलेलंही सांगते, कारण तू मला नंतर बोलू नयेस. इथे खाली डॉक्टर नाही. डॉक्टर रिक्षानं जावं इतका लांब आहे. लिफ्ट नाही. जेवण खोलीत येत नाही, आपणच करायचं आणि आपणच खरकटं काढायचं. एप्रिल-मे तुला आठवत असतील त्याहून वाईट झालेत, अनिशनं दिलेले गुण खरे आहेत, मी उगाच त्याच्याशी भांडले. रात्री कोणाला काही झालं तर एक बहिरी आणि एक लंगडी, अशी आपली फौज. सरिता आहे, पण ती आज आहे, उद्या तिची बदली होईल. हैदराबादला तुझा मुलगा तासाभराच्या अंतरावर असेल. हे सगळं मी लिहितेय ते तू येऊ नयेस म्हणून नाही. तू यावंस असं मला किती वाटतं ते लिहायला घेतलं तर हा कागद पुरणार नाही. पण एकदा तू बोर्डावरचा दिवा बघून गाव निवडलंस, आता मी दाखवलेला दिवा बघून निवडू नकोस.

अनिशला मी सरिताकरवी एक प्रश्न विचारला होता. म्हटलं, तुझ्या गुणपत्रकात सगळं शहराबद्दल आहे, माणसाबद्दल एकही रकाना का नाही? तो म्हणाला, "मावशी, माणूस प्रत्येकाचा वेगळा असतो, तो मोजता येत नाही, म्हणून सोडून दिला." खरं बोलला पोरगा. त्याला पी.पी. कॉल म्हणजे काय ते सांगायला हवं. साध्या कॉलला पलीकडे कोणीही फोन उचलला की मिनिटं सुरू. पी.पी.ला मात्र ज्याचं नाव सांगितलंय तेच माणूस लाईनवर यावं लागे, नाहीतर कॉल लागलाच नाही असं धरायचं. लोक जास्तीचे पैसे भरून पी.पी. मागायचे आणि आपण म्हणायचो, काय हा उधळेपणा, कोणीतरी उचलेलच की. विशीत होतो आपण. हैदराबादला कोणीतरी उचलेल, गोपे, नक्की उचलेल, चांगली माणसं आहेत ती. मी माझ्यापुरतं बोलते. मला आता कोणीतरी नको आहे.

आणखी एक. भाऊजींबद्दल. त्या दिव्यावरून मी तुला जन्मभर चिडवलं. पण तू इटारसीला गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी आले होते, तेव्हा भाऊजी दमून घरी आले आणि तू तव्यावरून पोळी काढेपर्यंत ताटावर न बसता चुलीपाशी तुझ्याशी गप्पा मारत उभे राहिले. परतीच्या गाडीत मला वाटलं होतं, दिवा चुकला पण घर बरोबर लागलं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. उत्तर घाईनं देऊ नकोस. अनिशशी नीट बोल, त्याला दुखवू नकोस. त्यानं तुझ्यासाठी मनापासून जागा शोधलीय.

तुझीच,
यमू


सक्करदरा
कोजागिरी

गोपिके,

कार्ड मिळालं. "होळीपर्यंत राहाले येतो, मंग पाहू. उन्हाळ्यात तू माह्यासंग हैदराबादले चाल, लिफ्टमधी बसून पाहू." चालेल. होळीपर्यंत म्हण, संक्रांतीपर्यंत म्हण, मी काही तारखेवर भांडणार नाही. आणि उन्हाळ्यात हैदराबादही चालेल. त्या पोराच्या गुणपत्रकात आपल्या दोघींमुळे काय घोळ होईल तो होवो. अनिशचा निरोप आला, तो तुला गाडीत बसवायला स्वतः इटारसीला येतोय. रागावला नाहीये. सरिताला म्हणाला, "दोघी एका जागी राहिल्या तर मला एकच फोन करावा लागेल." बापासारखाच आहे, मनातलं आडून बोलतो.

घरातली तयारी सांगते. पलंगडी खाली आणली. सरितानं आणि तिच्या कंपनीतल्या एका मुलीनं उचलली, मी फक्त सूचना देत होते. खिळा वरच राहिला, तो निघेना, म्हणून खाली नवा मारला. गादी उन्हात घातली. मसाल्याचं म्हणशील तर तुझ्या हातचा हवाय, मी काही केला नाही.

कानाचं यंत्र घेतलं. घरात ठीक आहे. पहिल्या दिवशी मला आपल्या घड्याळाचा आवाज ऐकू आला, मी समजत होते ते बंद पडलंय. सरिता ओरडून बोलत नाही हेही कळलं, म्हणजे आता बोलत नाही. पण गर्दीत ते यंत्र शिट्ट्या मारतं आणि सगळे आवाज एकात एक कालवून देतं, तेव्हा स्टेशनवर मी ते काढून पर्समध्ये ठेवणार आहे. इतकी वर्षं मी लोकांना गावं जोडून दिली, आता माझ्याच स्टेशनवर गाडीची घोषणा मला कळणार नाही, म्हणून सरिता रजा घेऊन बरोबर येतेय. गाडी लागली की ती मला सांगेल.

तू खिडकीजवळची जागा घे. सातपुडा संपला की खाली सपाटी लागते आणि मग संत्र्याच्या बागा, त्या अजून आहेत. गाडी थांबल्याशिवाय उठू नकोस. सामान अंकुशला उचलू दे, हा इथला हमाल आहे, सरितानं त्याला सांगून ठेवलंय, लाल सदरा आणि मोठ्या मिशा. फलाटावर पुलाच्या जिन्याच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे, तिथल्या खांबाला मी डावा खांदा टेकवून उभी राहीन, म्हणजे त्या बाजूनं कोणी येणारच नाही. निळं पातळ नेसेन. तू ओळखशील. मीही ओळखेन, पण गर्दीत नजर चुकली तर लांबून हाका मारत बसू नकोस, मला काही कळायचं नाही, आणि तुला पुन्हा वाटेल मी मुद्दाम करते.

सरळ जवळ ये. उजव्या बाजूनं ये.

तुझी,
यमू